अपंगत्वाची टक्केवारी आणि कंपनीकडील नुकसानभरपाई : दावा करण्यापूर्वी वाचावे

आमच्या कार्यालयात येणारे बहुतेक खलाशी बंधू सीडीसी (खलाशाचे ओळख व सेवानोंदीचे पुस्तक), करारपत्र आणि साइन-ऑफचे, म्हणजे जहाज सोडल्याचे, कागद नीट लावून आणतात. सर्वांत वर मात्र जिल्हा रुग्णालयाचे दिव्यांग प्रमाणपत्र असते आणि पहिला प्रश्न असतो, ‘चाळीस टक्के लागले आहेत, कंपनी किती देईल?’ या प्रमाणपत्रावरून त्याचे उत्तर देता येत नाही.

ते प्रमाणपत्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील सवलतींसाठी असते; तेथे ४० टक्क्यांची पायरी महत्त्वाची ठरते. कंपनीकडील भरपाई मात्र तुमच्या रोजगार करारातील तक्त्यावर ठरते. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, अनेक जहाजांवर लागू असलेल्या आयबीएफ करारांत (खलाशांच्या युनियन आणि जहाज कंपन्या यांच्यातील सामूहिक करार) ५० टक्के किंवा अधिक अपंगत्व आले की पूर्ण रक्कम देय होते. त्याहून कमी टक्के असूनही कंपनीने नेमलेल्या डॉक्टरने समुद्रसेवेच्या कोणत्याही कामासाठी कायमचे अयोग्य ठरवले, तर तेव्हाही पूर्ण रक्कम मिळते. ज्या फिटरचा हात खांद्याच्या वर जात नाही, त्याला रुग्णालयात टक्के थोडेच मिळतील, पण पायलट लॅडर (जहाजाच्या बाजूला सोडलेली दोरशिडी) चढणे त्याला जमणार नाही. म्हणून अहवालात ‘कायमचे अयोग्य’ आहे की ‘तूर्त अयोग्य’, हे आम्ही टक्क्यांच्या आधी पाहतो.

सर्वाधिक वेळ वाया जातो तो घाईने टक्केवारी काढून घेतल्यामुळे. हाडात प्लेट बसवलेली असते, फिजिओथेरपी चालू असते आणि तेवढ्यात गावाकडील डॉक्टरांकडून टक्के लिहून आणले जातात. उपचार पूर्ण होऊन सुधारणा थांबेपर्यंत कायमचे अपंगत्व मोजता येत नाही, त्यामुळे जहाजमालकांचा विमा पाहणारी संस्था, म्हणजे पी अँड आय क्लब, अशा अहवालावर फेरतपासणी मागतो आणि प्रकरण महिनोन्‌महिने लांबते. कंपनीच्या डॉक्टरांच्या भेटी चुकवल्यास उपचार सोडून दिल्याचा आक्षेपही येतो. ‘तो डॉक्टर कंपनीचाच’ ही शंका अनाठायी नाही, पण तिचे उत्तर गैरहजेरी नव्हे. आयबीएफ करारांत तुम्ही व युनियनने नेमलेल्या डॉक्टरचे मत कंपनीच्या डॉक्टरपेक्षा वेगळे पडल्यास कंपनी व युनियन अशा दोन्ही बाजूंनी मिळून तिसरा डॉक्टर नेमण्याची सोय आहे आणि त्याचा निर्णय दोघांनाही बंधनकारक असतो. त्याच्यापुढे शस्त्रक्रियेच्या नोंदी, एक्स-रे, एमआरआय आणि बंदरातील डॉक्टरचा कागद उपयोगी पडतात. दोन ओळींचे सर्टिफिकेट नाही.

या काळात घर कसे चालवायचे, ही चिंता रास्त आहे. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी कामगार करारानुसार, म्हणजे एमएलसीनुसार, कंपनीची उपचार खर्चाची जबाबदारी दुखापतीपासून किंवा आजार सुरू झाल्यापासून किमान १६ आठवडे असते. अपंगत्व लांबल्यामुळे पूर्ण भरपाई ठरवणे अवघड असेल, तर अंतरिम रक्कम द्यावी आणि करारापेक्षा कमी रकमेवर सही करण्यासाठी दबाव आणू नये, असेही त्यात म्हटले आहे. ही अंतरिम मागणी बहुतेक जण करतच नाहीत. आम्ही ती पहिल्या पत्रातच लिहितो.

करार वाचल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही, म्हणून काही ग्राहक नाराज होतात. मोठा आकडा सांगून फाईल ठेवून घेणे सोपे असते, परंतु पुढे ती उत्तरे आम्हालाच द्यावी लागतात. कागदांची पहिली तपासणी आम्ही विनाशुल्क करतो. पुढील कामाची फी आधी ठरवून लेखी देतो आणि भरपाईत हिस्सा मागत नाही. खटला भरावा लागलाच, तर ते काम वकिलांचे आहे. आम्ही फाईल त्यांच्या हाती देण्याजोगी करून ठेवतो.

येताना जहाजावरील अपघात अहवालाची प्रत आणावी. साइन-ऑफवर ‘मेडिकल’ ऐवजी ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असा शेरा असल्यास तसे सुरुवातीलाच सांगावे. दावा चालू असताना पुढील जहाज मिळावे म्हणून नवे फिटनेस सर्टिफिकेट काढायचे असेल, तर त्याआधी आम्हाला फोन करावा, कारण तोच कागद पुढे तुमच्या दाव्याविरुद्ध दाखवला जातो.