चढाई एकट्याची, दम सातांचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे व्यायाम म्हटला की आधी तालीम आठवते. जोर, बैठका, लाल माती. हृदय, फुप्फुसं, हाडं यांना त्याचा फायदा होतो, तसा कबड्डीनेही होतो. चढाई फार तर 30 सेकंदांची. मग थोडी उसंत, पुन्हा झटापट. छातीचे ठोके असे चढत-उतरत राहणं हृदयाला मानवतं. पण मग सात जणांनी मिळून खेळण्यात निराळं काय?

ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 साली वल्हवणाऱ्या 12 खेळाडूंवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. जागेवरच्या यंत्रावर 45 मिनिटं वल्हवायचं, कधी एकट्याने, कधी गटाने मिळून. नंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून फुगवत न्यायचा आणि 'दुखतंय' हे कोण कधी म्हणतो ते पाहायचं. व्यायामानंतर वेदना सोसायची ताकद वाढतेच. मेहनत तेवढीच असूनही एकत्र वल्हवल्यावर ही वाढ जवळपास दुप्पट भरली! संशोधकांनी त्याचं श्रेय एंडॉर्फिन या मेंदूतल्या वेदनाशामक द्रव्यांना दिलं. बारा माणसं म्हणजे फार थोडी, हे खरं.

लेझीम खेळताना किंवा मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातल्या कवायतीत पावलं जुळतात, तसंच काहीसं कबड्डीच्या साखळीत घडत असावं, असं मला वाटतं. कोपऱ्यातल्याने घोटा धरला की शेजाऱ्याने त्याच क्षणी झेपावायचं. अर्धा सेकंद उशीर झाला की चढाईपटू मध्यरेषा गाठतो.

कोपनहेगनमध्ये साडेआठ हजारांवर लोकांचा सुमारे 25 वर्षं मागोवा घेतला गेला. बैठ्या लोकांपेक्षा फुटबॉल खेळणाऱ्यांचं आयुष्य 4.7 वर्षं जास्त निघालं, बॅडमिंटनवाल्यांचं 6.2, नुसतं जॉगिंग करणाऱ्यांचं 3.2, जिममध्ये जाणाऱ्यांचं 1.5. मात्र ही वर्षं खेळानेच वाढली असं यातून सिद्ध होत नाही. ज्याच्याकडे वेळ, पैसा आणि चार मित्र आहेत, तो मुळातच धडधाकट असू शकतो.

संघाचा एक फायदा मात्र कुठल्याही यंत्राशिवाय कळतो. दोघे आले नाहीत तर सामनाच होत नाही, म्हणून कुणीतरी दारात येऊन 'येतोस काय रे?' विचारतं. बैठका चुकवल्या तर कोण विचारणार?

आमच्याकडे मुलींना हे विचारणारं दहावीनंतर कुणी उरत नाही आणि पुरुष लग्नानंतर थेट जत्रेच्या सामन्यात उतरतात. मग गुडघा मुरगळतो. महिनाभर आधी थोडं धावायला, वाकायला सुरुवात केली आणि उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं अंग गरम केलं, तर यातल्या बऱ्याच दुखापती टळतात.