ग्रेम सूनेस आणि दक्षिणेची वाट

१९८६च्या उन्हाळ्यात ब्रिटिश फुटबॉलमध्ये एक अजब प्रकार घडला. इंग्लंडकडून विश्वचषक खेळलेला बचावपटू टेरी बुचर इप्सविच सोडून ग्लासगोला गेला. नॉर्विचचा गोलरक्षक ख्रिस वुड्सनेही तीच वाट धरली. शंभर वर्षं खेळाडू जायचे ते स्कॉटलंडमधून इंग्लंडला. इंग्लंडच्या संघातला माणूस ऐन उमेदीत उत्तरेला जाईल, असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांना बोलावून घेणारा होता ग्लासगोच्या रेंजर्स क्लबचा नवा खेळाडू-व्यवस्थापक ग्रेम सूनेस. वय ३३, जन्माने एडिनबरोचा, स्कॉटलंडचा कर्णधार. आणि गंमत म्हणजे तोवर तो स्कॉटलंडमधल्या कुठल्याही क्लबकडून एकही सामना खेळलेला नव्हता.

सूनेस म्हटलं की लोक आधी त्याच्या टॅकलच्या कहाण्या काढतात. त्या खऱ्याच आहेत, पुढे येतीलच. पण स्कॉटलंडचा कर्णधार आयुष्यात पहिल्यांदा स्कॉटिश साखळीत उतरतो तो तिशी उलटल्यावर, हे कसं झालं? त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळच्या पार्टिकमध्ये, एका क्रिकेट क्लबच्या मैदानावर, स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. गोल एकही नाही. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते. त्या काळी इंग्लिश खेळाडू चेंडू पायाशी ठेवून एकटा पुढे घुसायचा आणि बाकीचे त्याच्यामागे धावायचे. स्कॉटिश मंडळी अंगाने हलकी. त्यांनी चेंडू एकमेकांकडे देत पुढे जायची पद्धत बसवली. आज आपण फुटबॉल म्हणून जे पाहतो, त्याचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

ही विद्या विकत घ्यायला इंग्लंड तयार होतं. तिथे पैसे घेऊन खेळणं १८८५ साली कायदेशीर झालं, स्कॉटलंडमध्ये मात्र १८९३ उजाडावं लागलं. मधल्या आठ वर्षांत लँकेशायरच्या गिरणगावांतल्या क्लबांनी उत्तरेकडची पोरं अक्षरशः उचलून नेली. पहिल्या इंग्लिश साखळीत, १८८८-८९ मध्ये, एकही सामना न हरणाऱ्या प्रेस्टन संघाचा कणा स्कॉटिश होता. १८९२ मध्ये लिव्हरपूल क्लब सुरू झाला तेव्हा संघाच्या यादीत ‘मॅक’ने सुरू होणारी आडनावंच जास्त. अशा खेळाडूंना इंग्लंडमध्ये ‘स्कॉच प्रोफेसर’ म्हणत. घरी त्यांना काय म्हणत असतील ते सांगायला नको.

पुढे इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा होती, शेवटी शेवटी आठवड्याला २० पौंड. १९६१ मध्ये ती उठली आणि दोन देशांतल्या कमाईतलं अंतर वाढत गेलं. मधल्या फळीतल्या स्कॉटिश खेळाडूपुढे मग दोन रस्ते असायचे. एक डेव्ह मकायचा: आधी घरी, हार्ट्समध्ये नाव कमवायचं आणि मग लंडनच्या टॉटनमने ३२ हजार पौंड मोजून घेऊन जायचं. दुसरा बिली ब्रेम्नरचा: स्टर्लिंगहून पोरवयातच लीड्सला उचललं जायचं आणि घरच्या मैदानांवर दिसायचं ते फक्त देशाच्या जर्सीत. सूनेस दुसऱ्या रस्त्याने गेला.

त्याचा जन्म ६ मे १९५३चा. मकाय ज्या शाळेत शिकला त्याच शाळेत तोही होता, आणि शाळा सुटताच बिल निकल्सनच्या टॉटनममध्ये उमेदवारी करायला गेला. तिथे त्याचं जमलं नाही. मधल्या फळीत ॲलन मलरी, मार्टिन पीटर्स, स्टीव्ह पेरीमन असताना या पोराला जागा कुठून मिळणार? पण थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मुख्य संघाकडून तो एकदाच खेळला, तेही १९७१ मध्ये युएफा चषकात आइसलंडच्या केफ्लाविकविरुद्ध बदली खेळाडू म्हणून. पुढच्या वर्षाच्या अखेरीस टॉटनमने त्याला सुमारे ३० हजार पौंडांना दुसऱ्या श्रेणीतल्या मिडल्सब्रोला विकून टाकलं.

मिडल्सब्रोत तो घडला. १९७३ मध्ये जॅक चार्ल्टन व्यवस्थापक म्हणून आला आणि त्याच वर्षी ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचा बॉबी मर्डॉकही संघात दाखल झाला. हा मर्डॉक म्हणजे १९६७ मध्ये लिस्बनला युरोपियन चषक जिंकलेल्या संघाच्या मधल्या फळीचा सूत्रधार. रोजच्या सरावात शेजारी असा माणूस असणं ही विशीतल्या पोराला आयती शिकवणी. १९७३-७४ मध्ये मिडल्सब्रोने दुसरी श्रेणी १५ गुणांच्या फरकाने जिंकली. विजयाला दोनच गुण मिळायचे त्या काळात हा फरक प्रचंड होता. घरच्या मैदानावरच्या अखेरच्या लढतीत शेफील्ड वेन्सडेला ८-० हरवताना सूनेसने हॅटट्रिक केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो स्कॉटलंडकडून पहिल्यांदा खेळला.

जानेवारी १९७८ मध्ये लिव्हरपूलने त्याच्यासाठी ३ लाख ५२ हजार पौंड मोजले, टॉटनमने घेतलेल्या रकमेच्या अकरा पटींहून अधिक. केनी डॅल्ग्लिश आणि ॲलन हॅन्सन हे स्कॉटिश खेळाडू आदल्या वर्षीच आले होते. स्कॉटिश व्यवस्थापक बिल शँकलीने घडवलेल्या त्या क्लबात स्कॉटिश माणसाला परकं वाटायचं कारण नव्हतं. चारच महिन्यांत, वेम्ब्लीवर बेल्जियमच्या ब्रूजविरुद्धच्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात, सूनेसने बचावफळीच्या फटीतून सरकवलेल्या चेंडूवर डॅल्ग्लिशने एकमेव गोल केला.

त्याचा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना समजावणं अवघड आहे, कारण आज एका खेळाडूत एवढी कामं कोंबत नाहीत. चेंडू हिसकावणारा वेगळा, खेळ रचणारा वेगळा, लांबून गोल मारणारा तिसराच. सूनेस तिन्ही करायचा आणि घाई कधीच करायचा नाही. लिव्हरपूलचा वेग त्याच्या पायावर ठरायचा. प्रतिस्पर्ध्याने वेगळं काही ठरवलं असेल, तर तो बेत मोडायची त्याची रीत सभ्य नव्हती. एप्रिल १९८४ मध्ये युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत, लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर, दिनामो बुखारेस्टच्या लिका मोविलाचा जबडा त्याने मोडला, तोही चेंडू दुसरीकडे असताना. परतीच्या सामन्यासाठी लिव्हरपूल रुमानियात उतरलं तेव्हा तिथल्या प्रेक्षकांचा सगळा राग या एका माणसावर होता. लिव्हरपूलने तो सामना २-१ जिंकला. मोविलाच्या बाबतीत जे झालं त्याला ‘कणखर खेळ’ म्हणायची पद्धत आहे. ती मला पटत नाही. ती मारहाण होती आणि पंचांना ती दिसली नाही, एवढंच. पण त्याच माणसाने महिन्याभराने रोममध्ये, रोमाच्याच घरच्या मैदानावर, पेनल्टी शूटआउटमध्ये शांतपणे आपला गोल मारला आणि कर्णधार म्हणून चषक उचलला, हेही तितकंच खरं.

लिव्हरपूलबरोबर पाच साखळी विजेतेपदं, तीन युरोपियन चषक, चार लीग चषक. ३५९ सामने, ५५ गोल. राष्ट्रीय संघाबरोबरचा हिशेब मात्र कोरडा: ५४ सामने, तीन विश्वचषक, आणि तिन्ही वेळा गटातच गाशा गुंडाळला. १९७८ मध्ये अर्जेंटिनात पेरूविरुद्धचा पराभव आणि इराणशी बरोबरी होईपर्यंत त्याला बाकावर बसवून ठेवलं. नेदरलँड्सविरुद्ध त्याला घेतलं आणि स्कॉटलंड ३-२ जिंकलं, पण पुढे जायला तीन गोलांचा फरक हवा होता.

१९८४ मध्ये तो इटलीत सॅम्पदोरियाला गेला. इटलीने परदेशी खेळाडूंवरची बंदी १९८० मध्ये उठवली होती, तरी प्रत्येक क्लबला दोघांचीच मुभा होती. त्या दोनांपैकी एक होणं हा मान होता. पहिल्याच वर्षी सॅम्पदोरियाने इटालियन चषक जिंकला, क्लबच्या इतिहासातला पहिला मोठा करंडक. अंतिम फेरीच्या पहिल्या लढतीत मिलानच्या सान सिरोवर झालेला एकमेव गोल सूनेसचा होता. त्या संघात मॅन्चिनी आणि व्हियाली ही विशीतली पोरं होती. खेळाडूने काय खावं, कसा सराव करावा, अंगाची काळजी कशी घ्यावी हे इटालियन शिस्तीत त्याने पाहिलं, आणि पुढे ते तो ग्लासगोला घेऊन गेला.

रेंजर्सची तेव्हा दैना होती. १९७८ नंतर साखळी जिंकलेली नव्हती आणि १९८५-८६ मध्ये संघ पाचवा आला. ॲलेक्स फर्ग्युसनच्या ॲबरडीनने आणि डंडी युनायटेडने ग्लासगोच्या दोन्ही मोठ्या क्लबांना पाणी पाजलं होतं. एप्रिल १९८६ मध्ये क्लबचा कारभार पाहणाऱ्या डेव्हिड होम्स यांनी ३ लाख पौंड देऊन सूनेसला आणलं आणि डंडी युनायटेडच्या वॉल्टर स्मिथला त्याचा मदतनीस नेमलं.

आता बुचर आणि वुड्स का आले याचं उत्तर. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्समधल्या हायझेल मैदानावर लिव्हरपूल-युव्हेंटस अंतिम सामन्यापूर्वी चेंगराचेंगरी होऊन ३९ जणांचा जीव गेला आणि इंग्लिश क्लबांना युरोपियन स्पर्धांची दारं बंद झाली. स्कॉटिश क्लबांवर बंदी नव्हती. सूनेसच्या हातात अचानक असं काही आलं जे मँचेस्टर किंवा लंडनला देता येत नव्हतं: युरोपात खेळायची संधी, आणि सोबत तोडीस तोड पगार. नंतर ट्रेव्हर स्टीव्हन, गॅरी स्टीव्हन्स, रे विल्किन्स असे एकेक येत गेले. हायझेल झालं नसतं तर सूनेसची ग्लासगोतली क्रांती एवढी दूर गेली नसती, असं मला वाटतं. त्याचे चाहते हे मान्य करत नाहीत.

सुरुवात त्याच्या कीर्तीला साजेशी झाली. ९ ऑगस्ट १९८६, एडिनबरोचं ईस्टर रोड, समोर हिब्स. मध्यंतरापूर्वीच सूनेसने जॉर्ज मॅक्लस्कीला असा लाथाडला की मैदानभर धक्काबुक्की झाली आणि त्याला लाल कार्ड मिळालं. ज्या शहरात तो जन्मला तिथेच स्कॉटिश साखळीतला त्याचा पहिला सामना असा संपला. रेंजर्स २-१ हरले. जानेवारीत वुड्सने १,१९६ मिनिटं गोल न खाण्याचा ब्रिटिश विक्रम केला. ती मालिका खंडित केली चिमुकल्या हॅमिल्टनने, रेंजर्सच्याच मैदानावर, त्यांना स्कॉटिश चषकातून घरी बसवून. तरीही मे १९८७ मध्ये ॲबरडीनला १-१ बरोबरी साधून विजेतेपद आलं. गोल बुचरचा. सूनेसला त्याही दिवशी बाहेर काढलं होतं.

पण त्याच्या साऱ्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट त्याच्या पायाने घडलेली नाही. रेंजर्स हा प्रॉटेस्टंटांचा क्लब, सेल्टिक आयरिश वंशाच्या कॅथलिकांचा. कॅथलिक खेळाडू जाणीवपूर्वक घ्यायचा नाही, ही रेंजर्सची अलिखित रीत कित्येक दशकांची होती. कागदावर कुठे नव्हती, म्हणून कुणी विचारलं तर नाकारायलाही सोपी. १० जुलै १९८९ रोजी सूनेसने मो जॉन्स्टनला पत्रकारांसमोर बसवलं. तो कॅथलिक, सेल्टिकचा माजी आघाडीवीर, आणि काही आठवड्यांपूर्वीच फ्रान्सच्या नाँतहून सेल्टिकमध्ये परतत असल्याचं सांगत त्यांच्याच जर्सीत छायाचित्रं काढून घेतलेला. दोन्ही बाजू एकाच वेळी संतापल्या. रेंजर्सच्या काही चाहत्यांनी मैदानाबाहेर गळपट्टे जाळले आणि हंगामाची तिकिटं परत केली. नोव्हेंबरमध्ये जॉन्स्टनने सेल्टिकविरुद्ध शेवटच्या क्षणी विजयी गोल मारला, आणि ओरडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची तोंडं त्याने आपोआप बंद झाली. सूनेस काही समाजसुधारक नव्हता. त्याला गोल मारणारा माणूस हवा होता आणि मध्ये येणारी रीत त्याला फालतू वाटत होती. कदाचित म्हणूनच त्याला ती मोडता आली. ग्लासगोतच वाढलेल्या कुणाला इतकं बेफिकीर राहणं कठीण गेलं असतं.

एप्रिल १९९१ मध्ये तो हंगाम अर्धवट टाकून लिव्हरपूलचा व्यवस्थापक झाला. स्मिथने ते विजेतेपद पूर्ण केलं आणि १९९७ पर्यंत रेंजर्सने सलग नऊ जिंकली. सूनेसची पुढची व्यवस्थापकी बरीच भटकी आहे: लिव्हरपूल, गालातासराय, साउदॅम्प्टन, तोरिनो, बेन्फिका, ब्लॅकबर्न, न्यूकॅसल. त्यातलं लोकांच्या लक्षात राहिलं ते १९९६चं इस्तंबूल. फेनरबाहचेवर मात करून त्यांच्याच मैदानावर तुर्की चषक जिंकल्यावर त्याने मैदानाच्या मधोमध गालातासरायचा झेंडा रोवला होता.

ग्लासगोत त्याने वळवलेला प्रवाह फार टिकला नाही. १९९० मध्ये इंग्लिश क्लब युरोपात परतले, १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि दूरचित्रवाणीच्या पैशापुढे स्कॉटलंडला टिकाव धरता येईना. रेंजर्सने तरीही हात आखडला नाही. अखेर २०१२ मध्ये क्लबची कंपनी दिवाळखोरीत गेली आणि संघाला चौथ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली. तयार खेळाडू विकत आणायच्या सवयीत घरच्या पोरांची जागा गेली, हा आरोप सूनेसच्या काळापासून होत आला आहे. १९९८ नंतर स्कॉटलंडला पुढचा विश्वचषक गाठायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. त्याचं सगळं खापर एकट्या सूनेसवर फोडणं अन्यायाचं होईल, पण आरोपात तथ्य नाही असंही म्हणता येत नाही.

आता पुन्हा इटलीत स्कॉटिश मध्यरक्षकांची चलती आहे. मँचेस्टर युनायटेडमध्ये वाढलेला स्कॉट मॅक्टॉमिने नापोलीबरोबर पहिल्याच हंगामात, २०२५ मध्ये, इटालियन साखळी जिंकून तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला. बिली गिल्मरही त्याच संघात होता. आणि त्याच मे महिन्यात बोलोन्याने मिलानला १-० हरवून इटालियन चषक जिंकला, तेव्हा तो उचलणारा कर्णधार होता लुइस फर्ग्युसन. हा २०२२ मध्ये थेट ॲबरडीनहून बोलोन्याला गेला होता. त्याच्या वाटेत इंग्लंड लागलंच नाही.