चित्र थांबवायचं कुणी? वर्गातल्या पडद्याची पार्श्वभूमी

१९१२ साल. दादरच्या एका घरात वाटाणा पेरलेली एक कुंडी आणि तिच्यासमोर रोखलेला, लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा. धुंडिराज गोविंद फाळके ठरावीक अंतरानं त्या कुंडीची एकेक चौकट टिपत होते. पुढे ती फीत सलग फिरवल्यावर कोंब मातीतून वर आला, पानं फुटली, वेल ताणत गेली. जे व्हायला कितीतरी दिवस लागले होते ते बघणाऱ्यांसमोर क्षणांत घडलं. चित्रपट काढण्यासाठी भांडवल हवं होतं आणि पैसे देणाऱ्याची खात्री पटवायची होती, त्यासाठी हा खटाटोप. पैसे मिळाले, आणि पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात त्यांचा पहिला कथापट लागला.

ही गोष्ट आपण नेहमी चित्रपटसृष्टीची गोष्ट म्हणून सांगतो. मला मात्र ती शाळेची गोष्ट वाटते. बी रुजतं, रोप वाढतं, हे मूल पहिल्या-दुसरीत शिकतं. पण वाढताना रोप कुणालाच दिसत नाही. काल होतं त्याहून आज मोठं झालंय, एवढंच दिसतं. फाळक्यांच्या फितीनं डोळ्यांना न दिसणारी ती वाढ दाखवली. वर्गात चित्रफीत का आणायची, या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर त्यानंतरच्या शंभर वर्षांत क्वचितच कुणी दिलं असेल. त्यांनी पुढे काड्यापेटीतल्या काड्यांच्या गमतीजमती आणि चित्रपट कसा बनतो असे विषय घेऊनही छोट्या फिती केल्या. शिकवण्याची ती ओढ त्यांच्यात पहिल्यापासून होती.

चित्रातून शिकवण्याची कल्पना अर्थात फाळक्यांच्या अडीचशे वर्षं आधीची आहे. मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात जन्मलेल्या कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचं लॅटिन शिकवणारं सचित्र पुस्तक १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला छापलं गेलं. प्रत्येक पाठाला एक लाकडी ठशाचं चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे, आणि तेच आकडे खालच्या मजकुरात शब्दांशेजारी. नांगराचे भाग, फुलाचे भाग, हृदयाचे कप्पे असे जे तक्ते आपल्या वर्गात भिंतीवर टांगलेले असतात, त्यांतल्या आकड्यांची रीत या पुस्तकातही दिसते. लागलीच पुढच्या वर्षी, १६५९ मध्ये, हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सनं जादूच्या कंदिलाची रचना केली. काचेवरचं चित्र, मागे दिवा, पुढे भिंग. पुस्तकातलं चित्र एकानं बघायचं, कंदिलातलं सगळ्यांनी मिळून.

हा कंदील महाराष्ट्रात आला तेव्हा त्याला मराठी नाव मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी त्याचे खेळ सुरू केले आणि नाव ठेवलं ‘शांबरिक खरोलिका’. शंबरासुराच्या मायेची आठवण करून देणारं ते नाव. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं एकामागून एक सरकत, एकमेकांत मिसळत, आणि त्यामुळे आकृती हलल्यासारख्या दिसत. रामायणातले प्रसंग लोकांना आधीच पाठ होते, तरी लोक येत. सोबत निवेदन असे. निवेदक सांगत जाई तसतशी काच बदले. लोक हसले तर तो थांबे, कुजबुज वाढली तर पुढे सरके. त्या खेळात चित्राचा लगाम सांगणाऱ्याच्या हातात होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शाळेतल्या पडद्याचा पुढचा सगळा इतिहास हा लगाम कुणाच्या हाती गेला याचा आहे, असं मी मानतो.

सिनेमा आला तेव्हा तो लगाम सुटला. फीत एकदा फिरायला लागली की तिच्या वेगानं धावणार. तरी उत्साह दांडगा होता. अमेरिकेत थॉमस एडिसननं १९१३ मध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं, की लवकरच शाळांतून पुस्तकं हद्दपार होतील आणि दहा वर्षांत सगळी शिक्षणपद्धती बदलेल. तसं काही झालं नाही. एक कारण अगदी साधं होतं. त्या काळची ३५ मिलिमीटरची फीत नायट्रेटची असे. ती भडकन पेटायची आणि पेटली की विझवणं कठीण, पाण्यातसुद्धा जळत राहायची. पोरांनी भरलेल्या वर्गात असली वस्तू कोण आणू देईल? १९२३ मध्ये कोडॅकनं १६ मिलिमीटरची न भडकणारी ॲसिटेटची फीत आणि तिचं छोटं प्रोजेक्टर बाजारात आणलं, तेव्हा कुठे सिनेमा शाळेच्या दारात उभा राहू शकला.

आपल्याकडे तो दारापर्यंत यायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी त्याचे माहितीपट दाखवणं बंधनकारक होतं, आणि शाळा-महाविद्यालयांसाठी १६ मिलिमीटरच्या प्रती मिळत. १९५५ मध्ये बालचित्र समिती आली. १९५९ मध्ये दिल्लीत दृक्‌श्राव्य शिक्षणाची राष्ट्रीय संस्था निघाली आणि पुढे एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संशोधन संस्थेत विलीन झाली. कागदावर सगळं सुरेख होतं.

प्रत्यक्षात १६ मिलिमीटरचं यंत्र ज्यानं चालवलंय त्याला विचारावं. फीत दातेरी चाकांवरून ओवायची, भिंगामागच्या झडपेच्या वर एक आणि खाली एक असा सैल वळसा ठेवायचा. तो वळसा निसटला की पडद्यावरचं चित्र थडथडायला लागतं आणि दोन मिनिटांत भोकं फाटतात. दिवा गेला तर दुसरा दिवा गावात नाही. वीज तर कित्येक गावांत नव्हतीच. त्यामुळे माहितीपट म्हणजे सरकारी गाडी आली की दिसणारी गोष्ट झाली. गाडी तिच्या सवडीनं येणार. मास्तर तेव्हा पानिपत शिकवत असोत की पूर्णांक, त्या दिवशी पडद्यावर जे असेल ते बघायचं. मुलांसाठी तो सणच असे, आणि त्या सणाला मी कमी लेखणार नाही. पण तो धडा नव्हता.

दरम्यान, यंत्र नसलेल्या ठिकाणी शिक्षकांनी काय केलं तेही याच इतिहासात यायला हवं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला पाना-फुलांतून, शंख-शिंपल्यांतून, बियांतून शिकवण्याचं साहित्य उभं केलं. आदिवासी पाड्यावरच्या मुलाला ते परकं वाटत नसे आणि त्याला खर्चही नव्हता. दुसरीकडे डी.एड.-बी.एड.च्या पाठ टाचणात ‘शैक्षणिक साहित्य’ असा एक रकानाच पडला. तो भरल्याशिवाय पाठ मंजूर होत नसे. रात्री जागून केलेले कार्डशीटचे तक्ते, फ्लॅनेल बोर्डावर चिकटणारी कागदी फळं, गुंडाळी फळा, हे सगळं त्या रकान्यासाठी. पाठ झाला की तक्ता नळी करून कपाटावर जाई. पुढच्या वर्षी धाकट्या तुकडीतलं कुणी तो मागून नेई.

याच रकान्याबरोबर एक खोटी गोष्टही आपल्याकडे रुजली. ‘वाचलेलं दहा टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं वीस टक्के, पाहिलेलं तीस टक्के’ हे वाक्य शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी उत्तरपत्रिकेत लिहिलेलं असतं आणि खाली एडगर डेलच्या ‘अनुभव शंकू’चं नाव टाकलेलं असतं. डेलनं १९४६ मध्ये तो शंकू मांडला खरा. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, शेंड्याला शब्द. पण त्यात एकही टक्का नव्हता. आकडे पुढे दुसऱ्यांनी चिकटवले, आणि त्यांना संशोधनाचा आधार नाही. मला याचा खेद वाटतो, कारण चित्राची ताकद सांगायला असल्या आकड्यांची गरजच नाही. वाटाण्याची कुंडी पुरेशी आहे.

दूरचित्रवाणीनं खेळ पुन्हा बदलला. दिल्लीत १९६१ मध्ये माध्यमिक शाळांसाठी टीव्हीवरून पाठ सुरू झाले. पण खरी उडी होती ‘साइट’ प्रयोगाची. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष नासाचा एटीएस-६ हा उपग्रह भारतासाठी मिळाला आणि इस्रोनं सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून चित्र उतरवलं. छतावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची दहा फुटी छत्री, खाली संच. सकाळी साडेबावीस मिनिटं शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

पण त्या सकाळच्या कार्यक्रमांमागे एक मराठी बाई होत्या. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे. पाटण्यात फिल्म सोसायटी चालवलेल्या, इंग्लंडमध्ये लीड्सला शिकलेल्या, पुढे केंद्राच्या शिक्षण खात्यात आलेल्या. साइटच्या वेळी एनसीईआरटीतल्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राची धुरा त्यांच्याकडे होती. फिल्म्स डिव्हिजनसाठी भीमसेन यांनी १९७४ मध्ये केलेला ‘एक अनेक और एकता’ हा ॲनिमेशनपट, तोच ‘एक चिडिया, अनेक चिडिया’वाला, लिहिला तो विजयाबाईंनीच. संगीत वसंत देसाईंचं आणि आवाज लहानग्या साधना सरगमचा. एकवचन-अनेकवचन समजावायला त्यांनी जाळ्यासकट उडणारे पक्षी वापरले. तो धडा दूरदर्शनवर बघितलेली माणसं आज पन्नाशीला आलीत, आणि गाणं अजून तोंडपाठ म्हणतात. चित्रफितीनं शिकवायचं म्हणजे कसं, हे ज्याला शिकायचं असेल त्यानं तो ॲनिमेशनपट आवाज बंद करून एकदा पाहावा. आवाजाशिवायही धडा कळतो.

साइटचं वर्ष संपलं आणि उपग्रह निघून गेला. पुढे इन्सॅट आला, आणि सहा राज्यांत शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था काढायचं ठरलं. आता महाराष्ट्र त्यात होता. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर, पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या बालभारतीच्या शेजारीच, १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. स्वतःचा स्टुडिओ, स्वतःची चित्रीकरणाची माणसं, आणि मराठीतले कार्यक्रम. एका कुंपणाआड पुस्तक तयार होतंय आणि पलीकडे त्याची चित्रफीत, ही जागेची जुळणी फार मोलाची होती.

आमच्या शाळेतही संच आला होता. शटर असलेल्या लाकडी पेटीत तो बंद असे. शटरला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या कमरेला. सकाळी प्रार्थना उरकली की तिसरी-चौथीला एका वर्गात दाटीवाटीनं बसवत. कुणीतरी कौलांवर चढून ॲंटेना फिरवायचं, खालून पोरं ओरडायची, ‘आलं, आलं... गेलं!’ मुंग्यांतून एकदाचं चित्र उभं राहिलं की कार्यक्रम अर्धा सरलेला असे. एकदा ज्वालामुखीवरचा कार्यक्रम फार छान लागला होता. लाव्हा वाहताना सगळा वर्ग चिडीचूप. आमच्या बाईंना तिथं काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी हात वर केला, बोलायला तोंड उघडलं, आणि पडद्यावरचा आवाज पुढे निघून गेला. त्यांनी हात खाली घेतला. तो वर उचललेला हात मला आजही दिसतो. प्रक्षेपणाची वेळ दूरदर्शनची, वेग दूरदर्शनचा. बाई आमच्यासारख्याच प्रेक्षक झाल्या होत्या.

पुढे टेप आणि सीडी आल्या, आणि थांबवण्याचं बटण आलं. १९८७ च्या खडू-फळा योजनेतून नकाशे, पृथ्वीगोल, विज्ञानपेट्या शाळांत पोचल्या. बऱ्याच ठिकाणी त्या पेट्या जडवस्तू नोंदवहीत चढल्या आणि कपाटात गेल्या, कारण फुटलं-तुटलं तर भरून कुणी द्यायचं हा प्रश्न शिक्षकाच्या डोक्यावर असे. बालचित्रवाणीचं नशीबही वाईट निघालं. केंद्राचा निधी आटला, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि २०१७ मध्ये शासनानं ती बंद केली. त्याच सुमारास ई-बालभारतीचा मार्ग धरला गेला. ई-साहित्य हवंच होतं. पण तीसेक वर्षं मराठी मुलांसाठी चित्रं करणाऱ्या हातांना नव्या कामात न घेता त्यांची संस्थाच मिटवणं, ही चूक होती असं माझं ठाम मत आहे. पाठ्यपुस्तकाची भाषा जाणणारा कॅमेरामन जाहिरात देऊन मिळत नाही.

त्यानंतरचा भाग आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. गावाच्या वर्गणीतून जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रोजेक्टर आणि टॅबलेट आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड डकवून धड्याला चित्रफीत जोडली. राज्यानं ती कल्पना सगळ्या पुस्तकांसाठी उचलली, आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्याच वर्षी टाळेबंदीत शाळा मिटल्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शालेय अभ्यासाची मालिका लागायची, आणि घराघरांत वेळ पुन्हा एकदा वाहिनीची झाली. क्यूआर कोडचं मोठेपण मला तंत्रात दिसत नाही. चित्र कुठल्या पानावर, कुठल्या ओळीपाशी उघडायचं, हे त्यामुळे पुन्हा शिकवणाऱ्याच्या हाती आलं.

गेल्या पावसाळ्यात एका दुशिक्षकी शाळेत बसलो होतो. मॅडमनी स्वतःचा मोबाइल फळ्याच्या कडेला टेकवला आणि बी रुजण्याची चित्रफीत लावली. मूळ खाली निघालं, कोंब अजून मातीत होता, तिथं त्यांनी बोट लावून चित्र थांबवलं. ‘आधी मूळ का आलं असेल गं?’ पहिल्या रांगेतली मुलगी म्हणाली, ‘पाणी प्यायला.’ मागून एकजण म्हणाला, ‘नाय, पडू नये म्हणून.’ दोघांचं बराच वेळ चाललं. मोबाइलचा पडदा काळा झाला तरी मॅडमनी तो पुन्हा लावला नाही.