फ्लोरिडातील जुन्या घराचा विमा : फोर-पॉइंट तपासणी कोणाला लागते, त्यात काय पाहतात आणि कोणती कागदपत्रे जोडावी लागतात

फ्लोरिडात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेले घर विकत घेताना, किंवा राहत्या घराची विमा कंपनी बदलताना, एजंट हप्त्याचा आकडा नक्की करण्याआधी एक तपासणी अहवाल मागतो. छप्पर, वीज, प्लंबिंग आणि वातानुकूलन या चार यंत्रणांची स्थिती नोंदवणाऱ्या या अहवालाला तेथे सर्वजण ‘फोर-पॉइंट’ म्हणतात. घर कर्जाने घेतले जात असेल, तर विमा लागू झाल्याचा पुरावा मिळाल्याखेरीज कर्ज देणारी संस्था व्यवहार पुरा करू देत नाही. त्यामुळे हा अहवाल अडला की बहुधा खरेदीच अडते. दुसऱ्या राज्यांतून नोकरीनिमित्त टॅम्पा, ऑरलँडो किंवा जॅक्सनव्हिलकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांना ही अट अनेकदा नवीन वाटते, कारण इतरत्र विम्यासाठी असा वेगळा अहवाल सहसा मागितला जात नाही.

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर केलेला बरा. खरेदीदार आपल्या माहितीसाठी जी संपूर्ण गृहतपासणी करून घेतो, ती निराळी आणि बरीच विस्तृत असते. पाया, भिंती, खिडक्या, स्वयंपाकघरातील उपकरणे असे सगळे तिच्यात येते, आणि तिचा जाडजूड अहवाल विमा कंपनीला नको असतो. ‘विंड मिटिगेशन’ ही तिसरी गोष्ट आहे : छप्पर भिंतींना लोखंडी पट्ट्यांनी बांधलेले आहे का, खिडक्यांना वादळरोधक झडपा आहेत का, हे तीत पाहतात. तिचा ठरावीक राज्यस्तरीय फॉर्म असून तो साधारण पाच वर्षे ग्राह्य धरला जातो, आणि त्याच्या आधारे हप्त्यात सवलत मिळते. थोडक्यात, विंड मिटिगेशन हप्ता कमी करण्यासाठी असते, तर फोर-पॉइंट पॉलिसी मिळावी यासाठी असते. एकच तपासनीस एकाच भेटीत तिन्ही कामे करू शकतो आणि तसे केल्यास शुल्कही कमी पडते.

कोणत्या घरांना लागते

कितव्या वर्षापासून ही तपासणी घ्यायची, हे प्रत्येक विमा कंपनी आपापल्या नियमांनी ठरवते. खासगी बाजारात विमा न मिळणाऱ्यांसाठी राज्याने 2002 मध्ये स्थापन केलेली ‘सिटिझन्स प्रॉपर्टी इन्शुरन्स कॉर्पोरेशन’ वीस वर्षांहून जुन्या घरांसाठी हा अहवाल मागते. खासगी कंपन्यांपैकी काहींची मर्यादा तीस वर्षांची आहे. घराचे वय काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या) प्रॉपर्टी अप्रेझरच्या, म्हणजे मालमत्तेचे मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नोंदीतील बांधकाम-वर्षावरून मोजतात. आतून सारे घर नवे केले, तरी 1974 चे घर या हिशेबात 1974 चेच राहते. नूतनीकरणाचा उपयोग अहवालातील शेरे चांगले येण्यासाठी होतो, अहवालातून सूट मिळण्यासाठी होत नाही.

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या स्ट्रक्चरल ऑडिटची सवय असलेल्यांना फोर-पॉइंट हा त्याचाच प्रकार वाटण्याचा संभव आहे, पण तसे नाही. खांब, तुळया, सळ्यांचा गंज यांचा विचार येथे होतच नाही. त्या ऑडिटच्या जवळ जाणारी तपासणी फ्लोरिडात ‘माइलस्टोन इन्स्पेक्शन’ या नावाची आहे. 2021 मध्ये सर्फसाइड येथील इमारत कोसळून 98 माणसे दगावल्यानंतर ती तीन किंवा अधिक मजल्यांच्या जुन्या काँडो इमारतींना, म्हणजे स्वतंत्र मालकीच्या सदनिकांच्या इमारतींना, कायद्याने लागू झाली आणि तिची जबाबदारी सदनिकाधारकांच्या असोसिएशनवर असते.

तपासणी कोण करू शकतो

सिटिझन्सच्या फॉर्मवर फ्लोरिडाचा परवाना असलेला गृहतपासनीस, बांधकाम कंत्राटदार किंवा इमारत-संहिता निरीक्षक सही करू शकतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनची सही केवळ विजेच्या भागापुरती चालते, रूफरची (छपराचे काम करणाऱ्या कंत्राटदाराची) छपरापुरती. परवाना चालू आहे का, हे राज्याच्या व्यवसाय-नियमन विभागाच्या संकेतस्थळावर नाव घालून कोणालाही पाहता येते. वेळ ठरवण्यापूर्वी हे पाहून घ्यावे, कारण परवान्याची मुदत संपलेल्या माणसाच्या सहीचा अहवाल परत येतो आणि शुल्क मात्र गेलेले असते. शुल्क घरमालकाने किंवा खरेदीदाराने भरायचे असते. साधारण घरासाठी ते शंभर-दोनशे डॉलरच्या आसपास जाते.

चार यंत्रणांत काय पाहतात

सर्वाधिक अर्ज विजेवर आणि छपरावर अडकतात, म्हणून त्या दोन्ही बाबी नीट समजून घ्याव्यात.

विजेच्या तपासणीत तपासनीस मुख्य पॅनलचे झाकण स्क्रू काढून उतरवतो आणि आतला फोटो घेतो. एका ब्रेकरच्या एकाच स्क्रूखाली दोन तारा दाबलेल्या असणे, तारेच्या जाडीला न शोभणारा मोठा ब्रेकर, गंज, जळाल्याचे काळे डाग, उघडी तार, यांपैकी जे दिसेल ते धोका म्हणून नोंदवले जाते. पॅनल कोणत्या कंपनीचे आहे हेही महत्त्वाचे ठरते. ‘फेडरल पॅसिफिक’ आणि ‘झिन्स्को’ या जुन्या बनावटीच्या पॅनलमधील ब्रेकर वेळेवर पडत नाहीत असा लौकिक असल्याने बहुतेक कंपन्या ती बदलल्याशिवाय विमा देत नाहीत, मग ती आजवर बिनतक्रार चालली असोत. 1965 ते 1973 या काळातील घरांत तांबे महाग झाल्याने खोल्यांकडे जाणारी वायरिंग अ‍ॅल्युमिनियमची केलेली आढळते. ती असेल तर सर्व जोड ‘कोपालम’ किंवा ‘अ‍ॅल्युमिकॉन’ या खास जोडणीच्या पद्धतीने दुरुस्त केल्याचे इलेक्ट्रिशियनचे स्वतंत्र पत्र जोडावे लागते. सारे घर नव्याने वायर केल्यास प्रश्नच मिटतो, पण तो खर्च मोठा असतो. कापडी वेष्टनाच्या तारा, चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेली जुनी वायरिंग आणि फ्यूजचे पॅनल हीदेखील नाकारण्याची नेहमीची कारणे आहेत.

छपराबाबत त्याचे साहित्य, वय, शेवटच्या परमिटची (कामासाठी घेतलेल्या सरकारी परवानगीची) तारीख आणि उरलेले उपयुक्त आयुष्य लिहावे लागते. शिंगलच्या (छपरावरील डांबरी पट्ट्यांच्या) कडा वळलेल्या असणे, वरचे दाणे झडलेले असणे, कौल फुटलेले किंवा सरकलेले असणे, खालची फळी दबणे, घरातील छतावर ओलीचा पिवळा डाग असणे, या सर्वांची नोंद होते. येथे घरमालकाच्या बाजूने एक कायदेशीर तरतूद आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. मे 2022 मध्ये मंजूर झालेल्या कायद्यानुसार पंधरा वर्षांच्या आतील छपराचे घर केवळ छपराच्या वयामुळे नाकारता येत नाही. छप्पर त्याहून जुने असेल, तर ते बदला असे सांगण्यापूर्वी कंपनीने मालकाला स्वखर्चाने तपासणी करून घेण्याची संधी द्यावी लागते, आणि अधिकृत तपासनीसाने पाच वर्षे किंवा अधिक आयुष्य उरल्याचे लिहिले तर निव्वळ वयाच्या कारणाने नकार देता येत नाही. मात्र ‘केवळ वय’ हे शब्द लक्षात ठेवावेत. छपराची अवस्था वाईट असल्यास ही तरतूद उपयोगी पडत नाही.

प्लंबिंगमध्ये नळ्या कशाच्या आहेत हा मुख्य प्रश्न असतो. तांबे, तसेच सीपीव्हीसी आणि पेक्स या प्लास्टिकच्या नळ्यांना हरकत नसते. 1978 ते 1995 या काळात बसवलेली पॉलिब्युटिलीन या जुन्या प्लास्टिकची नळी, जी सिंकखाली किंवा वॉटर हीटरजवळ बहुधा करड्या रंगाची दिसते, ती आढळली तर बऱ्याच कंपन्या पाण्याच्या नुकसानीचे संरक्षण वगळतात किंवा पॉलिसीच देत नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळ्यांबाबतही तसेच. वॉटर हीटरचे वय, त्यावरील दाब सोडणारा व्हॉल्व्ह आणि चालू वा जुनी गळती यांची नोंद होते. वातानुकूलनाचा भाग छोटा आहे : यंत्रणा चालू आहे का, पाणी वाहून नेणारी नळी तुंबलेली नाही ना, शेवटची सर्व्हिसिंग केव्हा झाली, आणि घर गरम ठेवण्यासाठी फक्त सुटा हीटर वापरला जात नाही ना.

कागदपत्रे आणि फोटो

तपासनीसाची वेळ ठरवण्याआधी छप्पर, पॅनल, नळ्या, वॉटर हीटर आणि एसी यांच्या कामांची परमिटे काढून ठेवावीत. शहराच्या किंवा काउंटीच्या इमारत विभागाच्या संकेतस्थळावर ती बहुधा पत्त्यावरून सापडतात. परमिट काढले होते, पण शेवटची सरकारी पाहणी होऊन ते बंद झाले नाही, असे प्रकार जुन्या घरांत बरेच निघतात. खरेदीदाराने ते विक्रेत्याकडून मिटवून घ्यावे. कंत्राटदाराची पावती असेल तर तीही जोडावी, पण छपराचे वय सिद्ध करताना परमिटाइतके वजन पावतीला मिळत नाही.

सिटिझन्सच्या फॉर्मसोबत घराच्या प्रत्येक बाजूचा आणि छपराच्या प्रत्येक उताराचा फोटो, वॉटर हीटर, सिंकखालची जोडणी, बाहेर दिसणारे व्हॉल्व्ह, पॅनलच्या दारावरील लेबल आणि झाकण काढलेले पॅनल, तसेच अहवालात लिहिलेल्या प्रत्येक दोषाचा फोटो असावा लागतो. म्हणून कपाटे रिकामी करून ठेवावीत, गॅरेजमधील पॅनलपुढचे सामान हलवावे आणि माळ्याकडे जाणारी वाट मोकळी करावी. पॅनल पाहता आले नाही असा शेरा पडला की दुसरी भेट ठरलेलीच.

अहवाल दिल्यानंतर

अहवालात उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा निकाल नसतो. तपासनीस दिसले ते लिहितो आणि निर्णय कंपनीचा अंडररायटर, म्हणजे जोखीम पाहून विमा द्यायचा की नाही हे ठरवणारा अधिकारी, घेतो, त्यामुळे एका कंपनीने नाकारलेला तोच अहवाल दुसरीकडे चालू शकतो. किरकोळ दोष, उदाहरणार्थ एका स्क्रूखालच्या दोन तारा, इलेक्ट्रिशियन थोड्या वेळात दूर करतो. त्यानंतर दुरुस्तीचा फोटो, पावती आणि सुधारलेला अहवाल पाठवावा. दोष आधीच ठाऊक असेल तर तपासणीपूर्वीच तो दुरुस्त करणे शहाणपणाचे, कारण एकदा नोंदवलेला धोका पुसण्यासाठी पुन्हा शुल्क लागू शकते. खरेदीदारांनी ही तपासणी करारातील तपासणीच्या मुदतीतच उरकावी. ती मुदत सरल्यावर पॉलिब्युटिलीन सापडली तर किमतीची घासाघीस करण्याला किंवा व्यवहारातून बाहेर पडण्याला फारसा वाव उरत नाही.

कंपन्या सहसा वर्षभराच्या आतलाच अहवाल घेतात, काहींची मुदत त्याहूनही कमी असते. 1 जून ते 30 नोव्हेंबर या वादळांच्या मोसमात आणखी एक अडचण संभवते : राज्याला वादळाचा इशारा जाहीर झाला की कंपन्या नव्या पॉलिसी देणे तात्पुरते थांबवतात, आणि अहवाल कितीही स्वच्छ असला तरी तो इशारा उठेपर्यंत विमा लागू होत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घराचा ताबा घेणार असाल, तर पॉलिसी काही दिवस आधीच पक्की करून, तिच्या सुरुवातीची तारीख ताब्याच्या दिवसाची ठेवण्याची सूचना एजंटला लेखी द्यावी.