आयव्यय म्हणजे जमाखर्च नव्हे

पावसाळा सुरू झाला की माझ्याकडे फायली यायला लागतात. खानापूरकडचं भजनी मंडळ, निपाणीचं हौशी नाट्यमंडळ, बेळगावातल्या एखाद्या गल्लीचं झांजपथक. कर्नाटक सरकारच्या कन्नड आणि संस्कृती खात्याच्या अनुदानाचा अर्ज भरायचा असतो, फॉर्म कन्नडमध्ये असतो, आणि "तुम्हाला वाचता येतंय न्हवं, जरा बघा की ओ" एवढ्या बोलीवर फाईल माझ्या टेबलावर पडते. उघडून बघावं तर आत तीच चूक. जिथे 'आयव्यय' मागितलाय तिथे गेल्या वर्षीचा जमाखर्च जोडलेला. खजिनदाराची सही, मंडळाचा शिक्का, बेरीज पैशापर्यंत बरोबर. सगळं नेटकं, फक्त कागद दुसराच.

याला मी खजिनदाराचा आळशीपणा म्हणत नाही, दोष शब्दाचा आहे. मराठी माणसाच्या कानाला 'आय' म्हणजे आवक आणि 'व्यय' म्हणजे खर्च, म्हणून आयव्यय म्हणजे जमाखर्च. सरळ हिशोब. पण बेंगळुरूला मुख्यमंत्री विधानसभेत दरवर्षी जे मांडतात त्याला कन्नड वर्तमानपत्रं 'आयव्यय' म्हणतात. म्हणजे बजेट. पुढे काय होणार त्याचा अंदाज, मागे काय झालं त्याची नोंद नव्हे. आपल्या भाषेत त्याला अंदाजपत्रक म्हणायचं. झालेल्या व्यवहाराचा हिशोब हवा असेल तर कन्नड फॉर्म 'लेक्कपत्र' मागतो, आणि तो सनदी लेखापालाने तपासलेला हवा असेल तर 'लेक्क परिशोधने' असा शब्द येतो. 'लेक्क' दिसलं की मागे बघा, 'आयव्यय' किंवा 'अंदाजु' दिसलं की पुढे बघा. फॉर्म वाचायला तेवढं कन्नड पुरतं.

असे फसवे शब्द आणखी आहेत, पण ते एकदा सांगितले की डोक्यात बसतात. 'प्रस्तावने' हा त्यातला सगळ्यात विनोदी. कन्नड कार्यालयात त्याचा अर्थ प्रस्ताव. आमची मंडळी त्याला पुस्तकाची प्रस्तावना समजतात आणि 'कला ही मानवी जीवनाचा आत्मा आहे' इथून सुरुवात करतात. दीड पान झालं तरी नाटक कोणतं, प्रयोग कुठे, किती, याचा पत्ता नसतो. 'संभावने' म्हणजे कलाकाराचं मानधन. भटजीला शाल-नारळ देऊन केलेली संभावना नव्हे. 'आदाय' म्हणजे उत्पन्न, त्यामुळे त्या रकान्यात कुणाला काय अदा केलं ते लिहू नका. 'मासाशन' हे वयोवृद्ध कलावंताला दरमहा मिळतं, मंडळाला नाही. आणि 'हण बळके प्रमाणपत्र' वाचून एका बुवांनी मला घाबरून फोन केला होता की यात पैसे बळकावल्याचं लिहून द्यायचंय का! 'बळके' म्हणजे वापर. मिळालेला पैसा ठरल्या कामाला वापरला, एवढंच ते प्रमाणपत्र सांगतं.

आता मुद्द्याचं.

जमाखर्च काय असतो ते तुम्हाला सांगत बसत नाही. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली शिल्लक, पावत्या टाचलेल्या. गणपतीची वर्गणी गोळा केलेल्या कुणालाही तो झोपेतही लिहिता येतो. अडचण अशी की इतकी वर्षं जमाखर्च लिहून हाताला ज्या सवयी लागतात, त्यातली जवळजवळ प्रत्येक सवय अंदाजपत्रकात घात करते. त्यामुळे शब्दाचा अर्थ कळल्यावरसुद्धा चूक सुटत नाही. वरचा मथळा बदलतो, 'गेल्या वर्षीचा' खोडून 'या वर्षीचा' होतं, आणि खाली जमाखर्चच राहतो.

पहिली सवय शिल्लकेची. जमाखर्चात शिल्लक राहिली की खजिनदाराची कॉलर ताठ. सभेत टाळ्या पडतात. मग तोच माणूस अंदाजपत्रकातही खाली 'शिल्लक रु. ८,०००' असं दाखवतो, कारण तूट दाखवणं म्हणजे मंडळाची अब्रू गेली असं त्याला वाटतं. पण अनुदान देणाऱ्याच्या जागी बसून बघा. ज्यांच्याकडे सगळं भागून आठ हजार उरणार आहेत, त्यांना मी पैसे कशाला देऊ? अंदाजपत्रकात तूट हीच तर तुमची मागणी असते. एकूण खर्चातून स्वतःचे सगळे मार्ग वजा केले की जो खड्डा उरतो, तेवढं अनुदान मागायचं. अनुदान धरून दोन्ही बाजू रुपयाला रुपया जुळायला हव्यात. उरता कामा नये, कमी पडता कामा नये.

उदाहरण घेऊ. समजा तीन अंकी नाटक बसवायचंय. नाट्यगृहाचं भाडं १५,०००, प्रकाश आणि ध्वनी १८,०००, नेपथ्य २२,०००, वेशभूषा-रंगभूषा १२,०००, चाळीस दिवसांच्या तालमीचा चहा-नाश्ता १०,०००, दहा कलाकारांना प्रत्येकी अडीच हजार म्हणजे २५,०००, तीन वादकांना ९,०००, छपाई ४,०००, टेम्पो ५,०००. एकूण १,२०,०००. दुसऱ्या बाजूला वर्गणी २५,०००, स्मरणिकेच्या जाहिराती २०,०००, तिकीटविक्री १५,०००. हे झाले ६०,०००. उरलेले ६०,००० ही मागणी. आमच्याकडे बहुतेक अर्जांत काय असतं? खर्चाच्या बाजूला फक्त साठ हजारांच्या बाबी, जमेच्या बाजूला अनुदान साठ हजार, विषय संपला. म्हणजे मागणीलाच अंदाजपत्रक समजलं गेलं. तपासणाऱ्याला त्यातून एकच गोष्ट दिसते: या मंडळाचा स्वतःचा एक पैसा यात नाही. खरं तर अर्धा भार मंडळच उचलणार असतं, पण ते कागदावर कुठे दिसतच नाही. आणि योजना जर एकूण खर्चाच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच देणारी असेल, तर हा तोटा रोकडीत होतो. पन्नास टक्क्यांची अट असेल तर १,२०,०००वर साठ मिळतात, साठवर तीस.

दुसरी सवय जास्त खोल आहे. मला विचाराल तर सगळ्या घोळाचं मूळ तीच. जमाखर्चात फक्त हातातून गेलेला किंवा हातात आलेला रुपया लिहायचा असतो, आणि तिथे ते शंभर टक्के बरोबर आहे. पण गावातलं नाटक रुपयांवर उभं राहत नाही. मंडळातला सुतार आठ दिवस नेपथ्य ठोकतो आणि चहाशिवाय काही घेत नाही. शाळेचं सभागृह तालमीला फुकट मिळतं. कुणाच्या ट्रॅक्टरची ट्रॉली येते. जत्रेतला प्रयोग असला तर घरटी शिधा गोळा होतो आणि चाळीस माणसांचं जेवण त्यात निघतं. यातलं एकही जमाखर्चात येत नाही, कारण रुपया हललाच नाही. मग अंदाजपत्रक लिहितानाही खजिनदाराचा हात तिथे थांबतो. "त्याला पैसे कुठं द्यायचेत ओ? मग लिवायचं कशाला?"

लिहायचं, कारण अंदाजपत्रक हे काम उभं करायला काय काय लागणार ते सांगतं, आणि सुताराचे आठ दिवस लागणार आहेत. ते दोन ठिकाणी लिहायचे. खर्चाच्या बाजूला नेपथ्याची मजुरी, गावातल्या चालू दराने. आणि जमेच्या बाजूला तेवढीच रक्कम, 'मंडळाचा वाटा, श्रमरूपाने'. बेरीज दोन्हीकडे सारखीच वाढते, मागणी एका रुपयानेही वाढत नाही, पण तुमचा वाटा दिसायला लागतो. हे ऐकून जुने खजिनदार माझ्याकडे मी खोटा हिशोब शिकवतोय अशा नजरेने बघतात. खोटं कधी होईल? हीच रक्कम जमाखर्चात रोख दिली म्हणून दाखवली तर. तिथे ती येता कामा नये. एकाच सुताराचं एकच काम, एका कागदात हवं आणि दुसऱ्यात नको. हे ज्याला पटलं त्याला दोन्ही कागद कळले.

एक सावधगिरी मात्र ठेवा. काही योजना वस्तुरूप आणि श्रमरूप वाटा धरतात, काही फक्त रोख धरतात. मार्गदर्शक सूचनांमध्ये ती ओळ आधी शोधा. रोखच धरणाऱ्या योजनेतही मी हा वाटा बेरजेबाहेर, तळटीप म्हणून लिहायला लावतो. वाचणारा माणूसच असतो शेवटी.

तिसरी सवय आकड्यांची. त्यावर मी पटकन चिडतो, म्हणून थोडक्यात. पुढच्या फेब्रुवारीत टेम्पोचं भाडं ४,८७३ रुपये होणार हे तुम्हाला आज कसं कळलं? असा आकडा दिसला की तो गेल्या वर्षीच्या पावतीवरून उतरवलाय हे कुणीही सांगेल. अंदाजपत्रकात दर आणि संख्या लिहा. किती फेऱ्या, दर फेरीला किती, आणि शक्य असेल तिथे दुकानदाराचं दरपत्रक जोडा. तसंच 'किरकोळ'. जमाखर्चात किरकोळ चालतं, सुतळी आणि टाचण्यांचा हिशोब कोण ठेवतो? पण १,२०,०००च्या अंदाजपत्रकात 'किरकोळ व इतर १८,०००' लिहिणाऱ्याला मी स्वतःच अनुदान देणार नाही. आणि कलाकारांच्या मानधनासमोर शून्य लिहून 'आमचे कलाकार निःस्वार्थी आहेत' अशी टीप टाकणं बंद करा. मोठेपणा वाटतो, पण वाचणाऱ्याला तालमीच तितक्या गांभीर्याने होणार नाहीत अशी शंका येते. माणसं खरोखर फुकट करणार असतील तर सुतारासारखंच दोन्ही बाजूंना लिहा.

पैसे मंजूर झाल्यावर दोन्ही कागदांची गाठ पडते. जमाखर्चाला आता अंदाजपत्रकाच्या बाबींना उत्तर द्यावं लागतं. नेपथ्याला २२,००० लिहिले होते आणि ३१,००० लागले, रंगभूषेला बारा लिहिले होते आणि तीनच लागले. एकूण बेरीज जुळली म्हणजे भागलं असं नाही. एका बाबीचे पैसे दुसरीकडे वळवायचे तर खर्च करण्याआधी लेखी विचारा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या योजनांना नीती आयोगाच्या, स्वयंसेवी संस्थांसाठीच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी लागते, आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे वरचं 'हण बळके'च, सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधल्या नमुना १२-ए मध्ये द्यावं लागतं. अजूनही लोक झेरॉक्सच्या दुकानातून १९-ए उचलून आणतात. तो २००५च्या नियमांतला. २०१७च्याच नियमांप्रमाणे आगाऊ मिळालेल्या अनुदानावर बँकेत जमलेलं व्याजही सरकारला परत करायचं असतं. ते मंडळाच्या शिलकेत मिरवायचं नाही.

बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स सरकारी नाही, १९९५ पासून कलेसाठी अनुदानं देते. तिथेही प्रस्तावासोबत अंदाजपत्रक लागतं, म्हणून कन्नड आणि संस्कृती खात्याला शिव्या घालून हा विषय सुटत नाही. फॉर्म मराठीत हवा ही मागणी रास्तच आहे, मीही सह्या केल्यात. पण सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि कर्नाटक सरकारच्या 'सेवा सिंधू' या ऑनलाइन पोर्टलवरचा अर्ज तेवढा थांबत नाही.

राहिली वर्षाची गोष्ट. आपल्याकडे बरीच मंडळं हिशोब दिवाळी पाडव्याला मिटवतात, काही जत्रेनंतर. अनुदानाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. पाडव्याचा जमाखर्च जोडला की लेखापरीक्षकाच्या कागदाशी तो जुळत नाही आणि फाईल परत येते. मी मंडळांना सरळ सांगतो, पूजा पाडव्यालाच करा, बेरीज मार्चअखेर मारा. ३१ मार्च हा अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्मदिवस आहे, १८४३ सालचा, आणि जन्मगाव आपल्याच बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. एका नाट्यमंडळाने हे ऐकल्यापासून त्या दिवशी तसबिरीला हार घालून वही मिटवायची पद्धत पाडली आहे. गेल्या खेपेला त्यांची वही वेळेत मिटली. फाईलमध्ये मात्र आयव्ययाच्या जागी पुन्हा तोच जमाखर्च होता.