पायलोकार्पिनच्या गोळ्या, घाम आणि सर्दीची गोळी

जबड्याला किंवा घशाला शेक, म्हणजेच रेडिओथेरपी, घेतल्यानंतर तोंडाला कायमची कोरड पडल्यामुळे डॉक्टरांनी ज्यांना पायलोकार्पिनच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत, अशा आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. काउंटरवर वारंवार विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: गोळी सुरू केल्यापासून एवढा घाम का येतो?

शेकातून वाचलेल्या लाळग्रंथींना ही गोळी चालना देते. मात्र घामाच्या, नाकातल्या आणि डोळ्यांतल्या ग्रंथींवरही तिचा तसाच परिणाम होत असल्यामुळे घामाबरोबर नाक वाहणे, डोळ्यांत पाणी येणे, वरचेवर लघवीला लागणे, शिरशिरी किंवा मळमळ हेही होऊ शकते. गोळीचा जोर तासाभरात वाढतो आणि तीन ते पाच तासांत ओसरतो. या काळात पाणी पुरेसे प्यावे. दृष्टी अंधूक होऊ शकते, म्हणून रात्री गाडी चालवणे टाळावे.

घोटाळा होतो तो नाक वाहू लागल्यावर. घरच्या डब्यातली सर्दीची गोळी घेतली जाते, आणि अशा अनेक गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामीन असते, ज्याचा गुणच मुळी स्राव सुकवण्याचा आहे. सकाळी सुटलेली लाळ दुपारी पुन्हा आटते आणि आठवड्याभरात कापलेली पट्टी 'गोळी लागू पडत नाही' म्हणून आमच्याकडे परत येते. ती आम्ही घेत नाही, याचा राग येतो हे आम्ही जाणतो. परंतु घरी उन्हात राहिली की ओल्या ओट्यावर, हे माहीत नसलेली गोळी दुसऱ्या रुग्णाच्या हाती कशी द्यावी? शिवाय पूर्ण गुण यायला १२ आठवडेही लागू शकतात. सुरुवातीला दहा दिवसांपुरत्याच गोळ्या विकत घ्याव्यात असे आम्ही सुचवतो, त्यात आमची विक्री कमी होते हे धरूनच.

सामान्यतः ५ मि.ग्रॅ.ची गोळी दिवसातून तीन वेळा दिली जाते. त्रास असह्य झाल्यास मात्रा डॉक्टरांनीच बदलावी. तेलकट-तुपकट जेवणाबरोबर घेतल्यास गोळी अंगात उशिरा भिनते. आटोक्यात नसलेला दमा किंवा विशिष्ट प्रकारचा काचबिंदू असलेल्यांना ही गोळी चालत नाही, आणि हृदयविकार असल्यास किंवा रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असल्यास जपून द्यावी लागते. आमचा मुलगा चिठ्ठी पाहूनही हे सारे पुन्हा विचारतो, ते उगीच नव्हे. दम लागला, छाती धडधडली किंवा भोवळ आली, तर दुकानात न येता थेट डॉक्टरांकडे जावे.

लाळ कमी असली की दात लवकर किडतात, म्हणून फ्लोराइडची पेस्ट, अल्कोहोल नसलेला माऊथवॉश आणि कृत्रिम लाळेचा स्प्रे आम्ही नेहमी ठेवतो. पायलोकार्पिन मात्र मागणीनुसार मागवावे लागते, तेव्हा पट्टीत सहा गोळ्या उरल्या की आम्हाला कळवावे.