वीस मिलिमीटरची फट

“दोन लांब स्लॉट आहेत ना साहेब, मग दोन कार्डं बसतील की,” मदरबोर्ड दाखवत दुकानदार म्हणाला, आणि ते खरंच होतं. कार्डं बसली. पंखे फिरले, दिवे लागले, दोन्ही सेकंडहँड ग्राफिक्स कार्डं, एनव्हीडियाची आरटीएक्स ३०९०, विंडोजला दिसली. पंधरा दिवस मी खुशीत होतो. मग कार्डांची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड सहज उघडून पाहिलं, तर पहिल्या कार्डापुढे ‘एक्स१६’ आणि दुसऱ्यापुढे ‘एक्स४’. सोळाच्या लांबीच्या स्लॉटात तारा चारच्याच जोडलेल्या होत्या.

दुकानदार खोटं बोलला नव्हता, मीच चुकीचं विचारलं होतं. किती कार्डं बसतील हा प्लास्टिकचा प्रश्न झाला. मदरबोर्ड घेताना तांब्याचा प्रश्न विचारावा लागतो: या स्लॉटापासून प्रोसेसरपर्यंत तारा किती जातात?

या वाटेचं नाव पीसीआय एक्स्प्रेस, आणि ती लेनमध्ये मोजतात. एक लेन म्हणजे चार तारा, दोन जायच्या आणि दोन यायच्या. चौथ्या पिढीची एक लेन एका दिशेने सेकंदाला साधारण २ जीबी वाहून नेते, सोळा मिळून साडेएकतीस. पाचव्या पिढीत हे सगळं दुप्पट. पण बोर्ड स्वतः यातली एकही मुख्य लेन तयार करत नाही. लेन प्रोसेसर घेऊन येतो. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांकडे ग्राफिक्ससाठी १६ आणि एसएसडीसाठी ४, अशा वीस असतात. एएमडीच्या एएम५ सॉकेटवरच्या रायझन ७००० आणि ९००० मालिकांत २८ असतात, त्यातल्या ४ चिपसेटला, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपेला, जोडण्यातच जातात. काहीही केलं तरी ग्राफिक्सच्या वाट्याला येतात त्या सोळाच.

म्हणजे बोर्ड बनवणाऱ्यापुढे दोनच रस्ते उरतात. एक, सोळाच्या सोळा पहिल्या स्लॉटला द्यायच्या आणि दुसऱ्या स्लॉटला चिपसेटकडच्या चार लेनवर भागवायला सांगायचं. चिपसेटची प्रोसेसरकडे जाणारी वाट एकच, आणि तिच्यावर यूएसबी, लॅन, जादाची एसएसडी अशी सगळी वरात आधीच चाललेली असते. माझ्या बोर्डावर हेच होतं. दुसरा रस्ता म्हणजे दुसरं कार्ड बसलं की सोळाचे आठ-आठ करायचे. इंटेलकडे ही वाटणी झेड६९०, झेड७९० अशा वरच्या चिपसेटवरच करता येते; बी७६० वर ती मिळत नाही. एएमडीकडे एक्स६७०ई आणि एक्स८७०ई असलेल्या काही बोर्डांवर ती असते, सगळ्यांवर नाही.

सगळ्यांवर का नाही, याचं कारण मजेशीर आहे. पाचव्या पिढीत एका तारेच्या जोडीवरून सेकंदाला ३२ अब्ज बिट धावतात. एका बिटाच्या वाट्याला येतात ३१ पिकोसेकंद. एवढ्या वेळात पोकळीतला प्रकाशसुद्धा जेमतेम ९ मिलिमीटर जातो, आणि बोर्डाच्या फायबरग्लासमध्ये संकेत त्याच्या निम्म्याने, म्हणजे ५ मिलिमीटरच्या आतच. प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटापर्यंतची तार वीतभर धरली, तर तिच्यावर एका वेळी चाळीसेक बिट मुंग्यांसारखे रांगेत असतात. तार लांबली, वळली, तिच्यात एखादी जोडणी वाढली की संकेत पुसट होतो. आणि आठ लेन कधी पहिल्या, कधी दुसऱ्या स्लॉटाकडे वळवायच्या तर सांधा बदलणाऱ्या चिपा वाटेत घालाव्याच लागतात. त्या महाग, त्यांना पेलणारा जास्त थरांचा बोर्डही महाग. आठ-आठ वाटणीचा बोर्ड दिसायला शेजारच्या स्वस्त बोर्डासारखाच असतो आणि किमतीत फरक का, ते खोक्यावर कुठे लिहिलेलं नसतं. मॅन्युअलमध्ये ‘एक्स८/एक्स८’ शोधायचं, आणि चांदणीची खूण असलेली बारीक तळटीप वाचायची. एखाद्या एम.२ स्लॉटात एसएसडी लावली की ग्राफिक्सच्या लेन निम्म्या होतात, ही बातमी तिथेच लपलेली असते.

पण दोन कार्डं लावतं कोण आता? गेम खेळणाऱ्यांची ती हौस सरली. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू २ ची जोडी लावली की चित्राच्या सम ओळी एक कार्ड काढायचं आणि विषम ओळी दुसरं; या युक्तीचं नाव एसएलआय. २००४ मध्ये एनव्हीडियाने एसएलआय हेच आद्याक्षरांचं नाव नव्या अर्थाने परत आणलं, पुढच्या वर्षी एटीआयचं क्रॉसफायर आलं. तेव्हा कार्डं बहुधा आळीपाळीने एकेक अख्खी फ्रेम काढत. सरासरी वेग वाढायचा, पण दोन फ्रेममधलं अंतर कमी-जास्त होऊन चित्र बारीक अडखळायचं. प्रत्येक गेमसाठी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, वेगळी तजवीज करावी लागायची. शेवटी २०२० ची ३०९० आणि तिचीच पुढची ३०९० टीआय ही घरगुती कार्डांत दोन कार्डं थेट जोडणाऱ्या जोडपुलाची सोय असलेली शेवटची ठरली. २०२२ च्या ४०९० वर तो कनेक्टरच नाही. गेमसाठी दोन कार्डं घेणाऱ्याला मी आज सरळ सांगेन, त्या पैशांत एकच मोठं घ्या.

दोन कार्डं आज लागतात ती ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेशन रेंडर करणाऱ्यांना, म्हणजे त्याची अंतिम चित्रं काढून घेणाऱ्यांना, आणि चॅटजीपीटीसारखी भाषेची मॉडेलं घरच्या घरी चालवू पाहणाऱ्यांना. सत्तर अब्ज आकड्यांचं मॉडेल प्रत्येकी चार बिटांत दाबलं तरी ३५ जीबी होतं, वरचा पसारा धरून चाळीसच्या घरात. चोवीस जीबीच्या एका कार्डात ते मावत नाही, दोनांत मावतं.

आता गंमत बघा. ज्या ‘एक्स४’ ने माझी झोप उडाली, त्याने या कामात किती नुकसान होतं? मेटाच्या लामा २ च्या सत्तर अब्जी मॉडेलात ८० थर आहेत. पहिले चाळीस एका कार्डावर, उरलेले दुसऱ्यावर ठेवले तर दर शब्दखंडामागे एका कार्डाकडून दुसऱ्याकडे जाते ती ८,१९२ आकड्यांची एक रांग. प्रत्येक आकडा २ बाइटचा धरा: १६ केबी. मोबाइलवरचं ‘सुप्रभात’ याहून जड असतं. चार लेनलाच काय, एका लेनलाही ते काहीच नाही. रेंडरिंगमध्येही देखावा एकदा कार्डाच्या मेमरीत चढला की मग कार्ड आपलं आपण काम करत बसतं. मॉडेल कार्डावर चढायला तेवढा वेळ जास्त लागतो. लेन कमी असल्याचा खरा फटका बसतो तो मॉडेलला नव्याने शिकवताना, किंवा प्रत्येक थर उभा चिरून दोन्ही कार्डांना एकाच वेळी राबवताना. तेव्हा दर थरात दोनदा दोघांना हिशेब जुळवावा लागतो, म्हणजे एका शब्दखंडामागे १६० वेळा. आठ-आठ लेनचा बोर्ड घ्यायचा तो याच्यासाठी.

मला ज्याने खरं छळलं ती लेन नव्हतीच. ती होती फट.

एटीएक्स मापाच्या बोर्डाच्या मागच्या बाजूला सात स्लॉटांच्या जागा असतात आणि एका जागेची उंची २०.३२ मिलिमीटर. आजची दांडगी कार्डं तीन जागा खातात, काही साडेतीन. दुसरा लांब स्लॉट पहिल्यापासून तीन जागा खाली असेल तर कार्डाला कार्ड चिकटतं. चार जागा खाली असेल तर मधे एक जागा, म्हणजे वीस मिलिमीटर, हवा खेळायला राहते. ३०९० साठी एनव्हीडियाने जो जोडपूल विकला तोही चार जागांच्या अंतराचाच होता, यात सगळं आलं.

माझ्या बोर्डावर अंतर तीनचं होतं. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड आडवं बसतं, पंखे खाली आणि पाठ वर. म्हणजे वरच्या कार्डाचे पंखे खालच्या कार्डाच्या पाठीवरची हवा ओढतात. आणि ३०९० ची पाठ ही साधी पाठ नाही. तिच्यावर मेमरीच्या चोवीसपैकी बारा चिपा आहेत, अगदी भाजणाऱ्या. खालचं कार्ड मजेत, वरचं मात्र तव्यावर ओणवं होऊन श्वास घेतल्यासारखं. त्याची मेमरी ११० अंशांच्या आसपास पोचली की ते आपणहून वेग कमी करायचं, मग निम्मं काम रखडायचं. बोर्ड निवडताना फोटोवर पट्टी ठेवून स्लॉटांमधलं अंतर मोजा. सगळ्यात खालचा स्लॉट वापरणार असाल तर कॅबिनेटला सातापेक्षा जास्त जागा आहेत का तेही बघा, आणि खालच्या काठावरच्या पॉवर बटणाच्या पिना कार्डाखाली दबत नाहीत ना, तेही. (माझ्या दबल्या होत्या. मशीन चालू करायला मी आठवडाभर स्क्रूड्रायव्हर वापरला.)

आणखी एक बारीक गोष्ट. प्रत्येक कार्ड पॉवर केबलशिवाय थेट स्लॉटातूनही ७५ वॉटपर्यंत वीज घेऊ शकतं. दोन कार्डांची ही वीज चोवीस पिनांच्या मुख्य केबलमधल्या बारा व्होल्टच्या दोनच पिनांतून येते. म्हणून काही बोर्डांवर स्लॉटांजवळ एक जादा पॉवर कनेक्टर असतो. असला तर रिकामा सोडू नका.

आता ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे चिपेला ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर बोर्डाच्या ६६ मेगाहर्ट्झच्या साडेचार पट, म्हणजे ३०० वर चालायचा. ॲबिटच्या बीएच६ बोर्डावर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, ६६ चे १०० केले की तीच चिप ४५० वर धावायची. फुकटात दीडपट! त्या काळाच्या आठवणीवर आजही बोर्ड विकले जातात. पण आता कारखानेच चिप पिळून पाठवतात. कोअर आय९ १४९००के खोक्यातूनच ६ गिगाहर्ट्झ गाठतो. त्याच्यावर आणखी किती काढणार?

शिवाय हिशेब आतबट्ट्याचा आहे. चिप खाते ती वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग १० टक्के वाढवायला व्होल्टेजही १० टक्के वाढवावं लागलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे वीज ३३ टक्के जास्त. तरी करायचंच असेल तर इंटेलकडे नावात ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड चिपसेट लागतो. एएमडीकडे ए६२०, बी८४० असे खालचे चिपसेट सोडून बाकीचे चालतात.

मग बघायचं व्हीआरएमकडे, प्रोसेसरभोवतीच्या धातूच्या हीटसिंकखालच्या त्या व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटकडे. एसएमपीएसकडून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला हवे असतात सव्वाच्या आसपास. १३९००के ची २५३ वॉटची मर्यादा धरली तर सव्वा व्होल्टला दोनशे अँपिअर झाले. घरातल्या मेनस्विचमधून याच्या निम्माही प्रवाह सहसा जात नाही! हे काम टप्प्यांमध्ये, म्हणजे फेजमध्ये वाटलेलं असतं. मोठ्या पिंपाला खालून तोटी आहे आणि सोळा माणसं आळीपाळीने बादल्या ओततायत, असं समजा. माणसं जास्त तर पिंपातली पातळी स्थिर. आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे, प्रवाह दुप्पट फेजांत वाटला की प्रत्येकीची उष्णता चौथाई होते, एकूण निम्मी. ही खरी कमाई. पण जाहिरातीत ‘१६+१+२’ लिहिलं की सोळाच्या सोळा कोअरसाठी स्वतंत्र आहेत असं नाही, कधी दोन-दोन माणसं एकाच हुकमावर एकदमच बादली ओततात. मोठा हीटसिंक नुसत्या आकड्यापेक्षा जास्त खरं सांगतो.

प्रोसेसरने एकदम जोर लावला की पिंपाची पातळी जरा खाली जाते. ती सावरायला बायोसमध्ये लोड-लाइनची सेटिंग असते, आणि उत्साही मंडळी ती सगळ्यात वर नेऊन ठेवतात. मग जोर ओसरला की पातळी उलट उसळते आणि चिपेला नको तेवढं व्होल्टेज बसतं. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे बरेच प्रोसेसर वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर झाले. मूळ दोष इंटेलच्या मायक्रोकोडमध्ये, म्हणजे चिपेच्या आतल्या आज्ञांमध्ये, होता, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. पण बऱ्याच बोर्डांची मूळ सेटिंगही वीजमर्यादा उघडी टाकणारी होती, हे त्या निमित्ताने सगळ्यांनी पाहिलं. नवा बोर्ड लावल्यावर मी आता आधी मर्यादा चालू करतो.

रॅमच्या बाबतीत एकच सांगतो: चार स्टिक लावायचा मोह टाळा. रायझन ७००० ला दोन स्टिकवर अधिकृत वेग ५२०० आहे, चारवर ३६००. एवढं नुकसान कुठलंही ओव्हरक्लॉकिंग भरून काढत नाही.

दोन ३०९० प्रत्येकी ३५० वॉट, प्रोसेसर अडीचशे, बाकी शंभर. एसएमपीएसमधलं नुकसान धरून भिंतीतून साडेअकराशे वॉट, २३० व्होल्टला ५ अँपिअर. साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटला हा काठावरचा भार आहे. याला गीझरसारखा १६ अँपिअरचा पॉइंट हवा, आणि घरातला सहाशे व्हीएचा यूपीएस विसरा. ही सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणून उतरते, म्हणजे तो एक हीटरच. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच चाळिसाच्या पुढे असेल तर चिपेवरचा कुठलाही साधा कूलर तिला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही.

म्हणून मी उलटं केलं. एनव्हीडिया-एसएमआय या प्रोग्रामच्या एका आज्ञेने दोन्ही कार्डांना २७० वॉटची वेसण घातली. घनाचं तेच गणित उतरताना आपल्या बाजूने असतं: वेग आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्के उतरवले तर वीज २७ टक्के कमी. रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो, पण वरचं कार्ड अर्ध्यात दम टाकत नाही.

मग आठ-आठ वाटणीचा, चार जागांच्या अंतराचा दुसरा बोर्ड घेतला. त्यावर ओव्हरक्लॉकिंगची झगमगती बटणं नाहीत, त्यांचेच पैसे वाचले. जोडून झाल्यावर जीपीयू-झेड उघडलं. दोन्हीपुढे ‘एक्स८’, पण पिढी दाखवत होतं १.१! बोर्ड पुन्हा खोक्यात घालायला निघालो होतो. रिकामं बसलेलं कार्ड वीज वाचवायला वाट आपणहून मंदावतं हे उशिरा आठवलं. रेंडर लावला, आकडा लगेच ४.० वर गेला.